‘ड्राय रिव्हर’वरची गिटार

रॅन्सफर्डने चवड्याने पेडल दाबलं, तारांवर एकच छाट मारली आणि हात वर उचलून धरला. छाटीचा आवाज वर्कशॉपच्या पत्र्याखाली घुमला, लांब गेला, परत आला, पुन्हा लांब गेला. टेबलापलीकडे केटूरा डोळे मिटून बसली होती. शेवटचा प्रतिध्वनी विरला तसे तिने डोळे उघडले आणि शेजारच्या जुन्या तबकडीवर सुई ठेवली. खरखरीतून मूळ छाट आली.

“नाही,” केटूरा म्हणाली.

“नाही ते मलाही कळतंय. तोंडावर कशाला सांगतेस?”

“मग काय पाठीमागे सांगू?”

रॅन्सफर्डने गिटारीचा पट्टा खांद्यावर सारखा केला आणि तिच्याकडे रागाने बघायचा प्रयत्न केला. तो त्याला जमला नाही. या पोरीवर रागावणं अवघड होतं. पोरगी कसली, चाळिशी गाठलेली बाई. पण बहात्तरीच्या माणसाला सगळीच पोरं वाटतात. रोलिंग्टन टाउनमधल्या टायरच्या दुकानामागे तिचं हे पत्र्याचं वर्कशॉप. किंग्स्टनमधल्या निम्म्या चर्चचे माइक आणि उरलेल्या निम्म्या गावाचे स्पीकर तिच्या हाताखालून जात. वेळ उरला की ती स्वतःच्या हाताने गिटारीचा आवाज बदलणारी पेडलं बनवायची. आता फरशीवर वायरींनी जोडलेली चार पेडलं रांगेत मांडलेली होती, आणि त्यांच्या पुढ्यात रॅन्सफर्ड गेले दोन आठवडे रोज दुपारी येऊन उभा राहत होता.

त्याला हवा होता पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज. ‘ड्राय रिव्हर’ नावाच्या गाण्याची तबकडी तेव्हा निघाली होती. पुढच्या बाजूला गाणं, मागच्या बाजूला तेच गाणं, पण गाणाराच काढून टाकलेला. खाली ड्रम आणि बास चालत राहतात. मधूनच इंजिनिअर गिटारीची एक छाट उघडी सोडतो, तिला एकोत बुडवतो आणि पुन्हा दार लावून घेतो. साडेतीन मिनिटांत गिटार अकरा वेळा ऐकू येते, बस. त्या अकरा छाटींवर रॅन्सफर्डचं अख्खं आयुष्य उभं होतं.

हे काही उगाच म्हणायचं म्हणून म्हटलेलं नाही. गल्लीत त्याला रॅन्सफर्ड म्हणून कोणी ओळखत नसे. दुकानाच्या कट्ट्यावरची पोरं म्हणायची, “काय रिव्हर, बरंय ना?” मासे विकणारी बाई त्याला ‘मिस्टर रिव्हर’ म्हणून चांगला तुकडा काढून द्यायची. बायको गेली तेव्हा पास्टरांनी भर चर्चमध्ये “आपल्या ब्रदर रिव्हरच्या दुःखात” असं म्हटलं, आणि त्या दुःखातही त्याला क्षणभर बरं वाटलं होतं. तबकडीवर मात्र त्याचं नाव नव्हतं. तेव्हा वाजवणाऱ्यांची नावं छापायची पद्धतच नव्हती. छापलं जायचं ते पैसा लावणाऱ्याचं.

आता लंडनच्या एका कंपनीने ती तबकडी नव्याने काढायचं ठरवलं होतं. बँडमधले बाकीचे सगळे मातीआड गेलेले, म्हणून त्यांनी रॅन्सफर्डलाच कागद पाठवला होता. त्यावर एक ओळ होती: गिटार, आणि पुढे रिकामी जागा. शिवाय पुढच्या महिन्यात टाउनमधल्या एका हॉलमध्ये त्याने ते लोकांसमोर वाजवावं, अगदी तस्सं, अशी विनंती. आधी आवाज सापडू दे, मग नाव लिहू, असं त्याने मनाशी धरलं होतं. आणि आवाज काही सापडत नव्हता.

दोन आठवड्यांत केटूराने काय काय केलं नव्हतं! एका मोडीत काढलेल्या ऑर्गनमधली स्प्रिंग काढून तिची आवाज घुमवायची पेटी बनवली. गिटारीच्या आवाजातला वरचा तीक्ष्णपणा घासून गुळगुळीत केला. एकोचा वेळ जमत नव्हता, तेव्हा ती दोन दिवस कागदावर आकडेमोड करत बसली आणि तिसऱ्या दिवशी हसतच आली.

“मास रॅनी,” ती त्याला आदराने अशीच हाक मारायची, “त्या स्टुडिओतलं एकोचं यंत्र अमेरिकेतून आलेलं होतं ना?”

“हो. मालकाच्या भावाने आणलं होतं.”

“मग झालं तर! त्यांच्या विजेवर चालायला बनवलेली मोटर. आपल्या विजेवर ती रेंगाळत चालायची. तुम्ही सगळे त्या रेंगाळण्यावर वाजवत होता, आणि मी इथे पुस्तकातला आकडा धरून बसलेय.”

तिने एकोचा वेळ वाढवला, आणि खरोखर आवाज निम्मा घरी आला. त्या दिवशी दोघांनी बन आणि चीज मागवून साजरं केलं. पण उरलेला निम्मा वाटेतच अडला. सगळं जागच्या जागी होतं, तरी जुन्या तबकडीतली छाट पुढे झुकून यायची आणि रॅन्सफर्डची टाचेवर उभी राहायची.

“तुमच्या हातातच काहीतरी राहतंय,” केटूरा आज म्हणाली.

“हात तोच आहे गं. नवीन कुठून आणू?”

“तेव्हा तुम्ही सत्तावीस वर्षांचे होता.”

“म्हणजे माझं वय झालं, असं म्हण की सरळ.”

“ते तर टायरवालाही म्हणतो.”

तो हसला. बोटं आखडली होती म्हणून त्याने गिटार उतरवून टेबलावर ठेवली आणि मॉबीच्या कडवट सरबताची बाटली घेऊन खुर्चीत बसला. केटूराने खाली वाकून पेडलांच्या वायरी हलवून बघितल्या. एक वायर तिला सैल वाटली. ती काढून तिने दुसरी लावली.

“घरी ठाऊक आहे का तुझ्या, तू हे करतेस ते?” त्याने विचारलं.

“डॅडींना? त्यांना वाटतं मी रेडिओ दुरुस्त करते. तेही त्यांना फारसं पसंत नाही. आमच्या घरात रेडिओच नव्हता, माहितीय? बातम्यांच्या मागून गाणी आत शिरतात म्हणायचे.” ती वायर पिळत होती. “तुम्ही ओळखत होतात ना त्यांना? आई एकदा बोलून गेली की ते कधीकाळी वाजवायचे. मग तिने जीभच चावली.”

“सीबर्ट? हो. वाजवायचा थोडंफार.”

“मला कधीच सांगितलं नाही. मी विचारलं तर उठून बाहेर गेले.” ती हे सहज बोलावं तसं बोलली, पण हातातली वायर जरा जास्तच पिळली गेली. “बसा तुम्ही. मी नुसतं तपासते.”

तिने टेबलावरची गिटार उचलली आणि उलटी धरली. केटूरा डावरी. गिऱ्हाइकांच्या गिटारी सगळ्या उजव्या हाताच्या, आणि तपासण्यापुरत्या तारा बदलत बसायला वेळ कुणाला? म्हणून ती कुणाचीही गिटार अशीच उलटी करून गळ्यात घालायची. मग जाड तारा खाली जात आणि बारीक वर येत. तिने पेडल दाबलं आणि छाट मारली.

रॅन्सफर्डच्या हातातली बाटली तोंडाशी जाता जाता थांबली.

छाट पुढे झुकून आली. लांब गेली, परत आली. प्रत्येक वेळी येताना बारीक तारेची किनार आधी आणि जाड तारेचं अंग मागून. नुसत्या गिटारीवर हा फरक कानाला कळायचा नाही. पण एकोतून तो सहा वेळा परत आला की लपत नाही. केटूराने पुन्हा छाट मारली, मग चालीतच वाजवायला लागली, आठ आवर्तनं. रॅन्सफर्डला सुई ठेवून ताडून बघायची गरज नव्हती. ते अकरा तुकडे त्याला पाठ होते.

“वायरच होती!” केटूरा ओरडली. “बघितलंत? दोन आठवडे आपण या दीड वितीच्या वायरीसाठी डोकं फोडतोय!”

तिने फोन टेबलावर ठेवला आणि तीच आठ आवर्तनं पुन्हा वाजवून रेकॉर्ड केली. रॅन्सफर्ड तिच्या हाताकडे बघत होता. असा उलटा हात त्याने आयुष्यात एकच पाहिला होता. स्टुडिओत गिटार एकच असायची. ज्याची पाळी त्याच्या गळ्यात. रॅन्सफर्डने उतरवली की सीबर्ट ती घ्यायचा, उलटी करायचा आणि तारांना हातही न लावता वाजवायला लागायचा. सगळे त्याला हसत. रॅन्सफर्ड सगळ्यांत मोठ्याने हसायचा.

“आता तुम्ही वाजवा,” केटूरा गिटार पुढे करत म्हणाली.

“आज नको. बोटं दुखतायत.” त्याने बाटली खाली ठेवली. “वायरच असणार. शाबास पोरी.”

खोटं बोलताना आपला आवाज इतका नेहमीसारखा निघेल असं त्याला वाटलं नव्हतं.

*

वाचणाऱ्याला वाटेल, स्वतः वाजवलेलं माणसाला ओळखू येऊ नये? त्याने त्या स्टुडिओत एक दिवस काढून बघावा. खिडकी नसलेली खोली, चौदा माणसं आणि एक पंखा, तोही रेकॉर्डिंगच्या वेळी बंद. एकच रिदम, म्हणजे गाण्याखालची ड्रम-बास-गिटारीची चाल, बुधवारी वाजवायची, गुरुवारी पुन्हा वाजवायची, शुक्रवारी तिच्यावर तीन वेगवेगळे गाणारे येऊन गाणार. टेपच्या खोक्यावर रिदमचं नाव लिहिलेलं असे, वाजवणाऱ्याचं नव्हे. टेप महाग, म्हणून काम झालं की तीच पुसून पुढच्याला. दीड-दोन महिन्यांनी एखाद्या शनिवारी मैदानात मोठ्या स्पीकरमधून ते ऐकू यायचं, तेही इंजिनिअरने एकोत इतकं बुडवलेलं की आईलाही लेकरू ओळखू येऊ नये. ‘ड्राय रिव्हर’ वाजली त्या शनिवारी रॅन्सफर्ड मैदानात होता. शेजारी कोणीतरी विचारलं, “गिटार कुणाची रे?” त्याने या रिदमवर वाजवलेलं होतंच. तो म्हणाला, “माझी.” त्यात लबाडी नव्हती. पुढे लोकांनी विचारत राहावं आणि आपण सांगत राहावं, असं पंचेचाळीस वर्षं चाललं, आणि त्यात पुन्हा एकदा नीट कान देऊन ऐकायचं राहून गेलं.

राहून गेलं, की त्याने राहू दिलं? घरी जाऊन पलंगावर बसल्यावर हा प्रश्न त्याच्या मानगुटीवर बसला.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःची गिटार काढली आणि खालून वर छाट मारून बघितली. तशी मारली तर बारीक तार आधी वाजते. म्हणजे जमण्यासारखं होतं. त्या दिवशी मीच उलटी छाट मारली असेन, तो मनाशी म्हणाला. कधीतरी मारतो माणूस. दुपारपर्यंत त्याला ते पटतही आलं. मग आठवलं की त्या बँडचा म्होरक्या उलटी छाट ऐकली तर ड्रमची काठी फेकून मारायचा. तरी तो स्वतःला समजावत राहिला. सत्तावीस वर्षांचा माणूस काठीला भीत नाही, वगैरे.

कागद टेबलावर होता. शुक्रवारी त्याने पेन हातात घेतलं आणि रिकाम्या जागेवर टेकवलं. नाव लिहायला किती वेळ लागतो? केटूराला काही कळलं नव्हतं आणि कधी कळणारही नव्हतं. ती हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून त्याच्यासाठी टाळ्या वाजवणार होती. ती टाळ्या वाजवतेय असं डोळ्यांसमोर आलं आणि रॅन्सफर्डने पेन खाली ठेवलं. तिच्या बापाने तिच्यापासून जे लपवलं त्यावर आपण आता वरून कुलूप घालणार, आणि तीच आपल्याला किल्ली घडवून देतेय. ‘वाजवायचा थोडंफार’ हे स्वतःचे शब्द त्याला चार दिवस दातात अडकल्यासारखे सलत होते.

पण बहात्तराव्या वर्षी नाव सोडायचं म्हणजे उरायचं काय? कट्ट्यावरच्या पोरांनी त्याला मग काय म्हणून हाक मारायची?

एकच वाट होती. ज्याला ठाऊक आहे त्याला विचारायचं. सीबर्ट म्हणाला “मी नव्हतो,” तर प्रश्नच मिटला. तो असंच म्हणेल अशी रॅन्सफर्डला आशा होती. इतकी, की त्याने त्यासाठी प्रार्थनाही केली, आणि अशा कामासाठी प्रार्थना केल्याची नंतर लाज वाटली.

त्याने केटूराला फोन लावला. “ते मंगळवारचं वाजवलेलं आहे ना, ते मला पाठव. आणि रविवारी तू डॅडींकडे जातेस तेव्हा मी येतो बरोबर. जुनी ओळख आहे.”

“या की. पण पेडलांचं नाव काढायचं नाही हं.”

“नाही काढणार,” तो म्हणाला. निदान ते तरी त्याने पाळलं.

*

किनाऱ्यावरच्या बुल बे गावात टॅक्सीतून उतरून दोघं आतल्या रस्त्याला लागली तेव्हा दुपारचे तीन वाजले असतील. सीबर्ट लम्सडेन अंगणात ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली बसून तुरीच्या शेंगा सोलत होता. चर्चमधून आल्यावर टाय काढला होता, पण शर्टाचं वरचं बटण तसंच लावलेलं. बारा वर्षं चर्चमध्ये पास्टरांच्या हाताखाली डीकन असलेल्या माणसाला ते उघडं ठेवणं जमत नसावं.

“कोण? रॅनी?” त्याने डोळे बारीक केले. “मला वाटलं, गेलास.”

“तुझी प्रार्थना कमी पडली.”

“बस. शेंगा सोलायला लाग. फुकट बसायला इथे जागा नाही.”

केटूराने बापाला वाकून नमस्कारापुरतं गालाला गाल लावला आणि आणलेली पिशवी घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. दोघं म्हातारे शेंगा सोलत राहिले. रॅन्सफर्डच्या गेलेल्या बायकोचं बोलून झालं, गुडघ्यांचं विचारून झालं, कोण कोण गेलं त्याची उजळणी झाली. रॅन्सफर्डला दिसत होतं की सीबर्टचा डावा अंगठा अजून तसाच चपळ आहे. एकाच फटक्यात शेंग उघडत होती आणि दाणे टोपात पडत होते.

यापुढे बसलो तर मी नुसता जेवून परत जाईन, हे रॅन्सफर्डला कळलं. त्याने खिशातून फोन काढला आणि केटूराने पाठवलेलं लावून खुर्चीच्या हातावर ठेवला.

पहिल्या छाटीलाच सीबर्टचा अंगठा थांबला.

रॅन्सफर्डला वाटलं, आता हा “बंद कर ते” म्हणणार, दारातून हाकलणार. सीबर्टने तसं काही केलं नाही. तो अर्धी उघडलेली शेंग हातात धरून, मान किंचित वाकडी करून, आठही आवर्तनं शेवटपर्यंत ऐकत राहिला.

“त्या टेपा तर पुसल्या होत्या,” तो अखेर म्हणाला. “माझी गिटार अशी सुटी काढली कुणी?”

“तुझी?”

“मग कुणाची? गुरुवारची आहे ही. बुधवारी तू वाजवलंस ते त्यांना घाईचं वाटलं. गुरुवारी मला बसवलं. तू दुसऱ्या स्टुडिओत होतास.”

झालं. तीन वाक्यांत संपलं. रॅन्सफर्डला वाटलं होतं की आतून काहीतरी मोडल्याचा आवाज येईल. तसं काही झालं नाही. नुसते पंचेचाळीस वर्षांत ज्यांना ज्यांना आपण ‘माझी’ म्हणून सांगितलं त्यांचे चेहरे एकामागून एक पुढे यायला लागले. त्यात बायकोचाही होता.

“तू बोलला नाहीस कधी,” तो म्हणाला.

“कशाला बोलू? मी पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतला आणि त्याच महिन्यात ती तबकडी बाहेर आली. त्या दुनियेकडे वळून बघणार नाही असा शब्द दिला होता. लोक तुझं नाव घेत होते. तुला आवडत होतं.” सीबर्टने शेंग पूर्ण उघडली. “मला वाटलं, बरं झालं, आपलं पाप दुसऱ्याच्या अंगणात गेलं. लबाडीच होती ती माझीही. पण तू का विचारतोयस आता? आणि ही टेप तुला मिळाली कुठे?”

“ही टेप नाही, सीबर्ट.”

“म्हणजे?”

“हे या मंगळवारचं आहे.”

“कुठल्या मंगळवारचं?”

“याच आठवड्यातल्या. पाच दिवसांपूर्वीचं.”

सीबर्टने त्याच्याकडे असं बघितलं, जणू उन्हाने याच्या डोक्यावर परिणाम झालाय. मग रॅन्सफर्डने हनुवटीने स्वयंपाकघराच्या दाराकडे खूण केली.

केटूरा दारात उभी होती. दोन्ही हातांत तळलेल्या माशांची ताटली. ती तिथे कधीपासून उभी होती कोण जाणे. बहुधा पहिल्या छाटीपासून. चाळीस वर्षांची बाई, स्वतःचं दुकान, हाताखाली दोन माणसं, आणि चेहरा असा की शाळेतून पळून आलेलं कोणी सापडावं.

“मी नुसती वायर तपासत होते, डॅडी,” ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. एक कोंबडी टोपाजवळ येऊन खाली पडलेले दाणे टिपू लागली आणि तिला हाकलायचंही कुणाच्या लक्षात आलं नाही. सीबर्ट लेकीच्या हातांकडे बघत होता. ताटलीखाली धरलेल्या डाव्या हाताकडे.

रॅन्सफर्डने आतल्या खिशातून घडी केलेला कागद काढला, गुडघ्यावर पसरला आणि रिकाम्या जागेत मोठ्या अक्षरांत लिहिलं: सीबर्ट लम्सडेन. गुडघ्यावर लिहिल्यामुळे आडनाव जरा खाली उतरलं. त्याने कागद सीबर्टपुढे धरला.

“लंडनला जाणार आहे हा. तबकडी पुन्हा निघतेय.”

सीबर्टने वाचलं. “खोड ते.”

“मी नाही खोडणार.”

“रॅनी, मी डीकन आहे. उद्या चर्चमध्ये लोक काय म्हणतील? खोड, आणि तुझं लिही. मी दिलं तुला.”

“आत्तापर्यंत तू दिलं नव्हतंस तेव्हा मी घेतलं. आता देतोयस तर नको झालंय.” रॅन्सफर्डने पेन पुढे केलं. “तुला नको असेल तर तू खोड. हे घे.”

सीबर्टने हात शर्टाला पुसले, जे त्याने एरवी कधी केलं नसतं, आणि डाव्या हातात पेन घेतलं. कागद मांडीवर ठेवला. पेनाचं टोक नावाजवळ नेलं. केटूरा ताटली घेऊन होती तिथेच उभी होती. रस्त्यावरून एक ट्रक गेला, त्याचा आवाज वळणावर जाऊन मिटला, तरी टोक तिथेच होतं.

मग त्याने पेनाचं टोपण लावलं आणि पेन रॅन्सफर्डच्या खिशात खोचून ठेवलं. कागदाची घडी मात्र त्याने स्वतः घातली, एकदा, दोनदा, कडा नखाने दाबून, आणि कागद रॅन्सफर्डला परत दिला.

“मासे गार होतायत,” तो लेकीला म्हणाला.

रॅन्सफर्ड उठला. जेवायला थांब म्हणून दोघंही म्हणाली, पण त्याला काही गिळवलं नसतं. हॉलवाल्यांना काय सांगायचं हे त्याला सुचलं नव्हतं. कट्ट्यावर उद्या काय सांगायचं हे तर त्याहून नाही. फाटकाबाहेर येऊन तो कुंपणाच्या पत्र्याच्या सावलीत टॅक्सीची वाट बघत उभा राहिला.

पत्र्याच्या पलीकडून बराच वेळ ताटल्यांचेच आवाज येत होते. मग सीबर्टचा आवाज आला, जरा घसा खाकरून.

“तारा कुठल्या वापरतेस?”

“गिऱ्हाइकाच्या गिटारीला असतील त्या.”

“म्हणजे स्वतःची नाही?”

“नाही.”

एक ताटली बाजूला सरकल्याचा आवाज आला.

“आणि हा अंगठा? मागे ठेवतेस, की वर आणतेस?”

“वर आणते.”

“मीही वरच आणायचो. चूक आहे ती. हात धू आणि इकडे ये. दाखव कसा धरतेस.”

टॅक्सी येऊन थांबली. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “टाउन, अंकल? एकच जागा आहे.”

रॅन्सफर्डने तोंडावर बोट ठेवून त्याला गप्प केलं, आणि दुसऱ्या हाताने टॅक्सीला त्याच्याविनाच पुढे जायची खूण केली.